डोंगराआडचे ऋतू

पाबळला कधी यावं असं विचारलं, तर गावातला माणूस आधी उलट विचारतो, काय बघायचंय? मोर बघायचे तर आषाढ-श्रावण. हुरडा खायचा तर पौष. जरा लांब भिगवणपर्यंत जाऊन रोहित पक्षी बघायचे तर माघ-फाल्गुन. घाटात बैलगाडा पळताना बघायचा तर चैत्र. पुण्याहून अहिल्यानगरच्या रस्त्याने निघालं आणि शिक्रापूरला डावीकडे वळलं की पाबळचा रस्ता लागतो. दोन्ही बाजूंना उघडे माळ, कांद्याचे वाफे, बांधावर बाभळी आणि चिंचा, मधूनच एखादी टेकडी. चुकीच्या महिन्यात आलेल्या माणसाला इथं थांबण्यासारखं काही वाटणार नाही. गावात बारमाही बघायला मिळते ती मस्तानीची समाधी. बाजीराव पेशव्यांनी हे गाव तिला इनाम दिलं होतं. २८ एप्रिल १७४० ला रावेरखेडीला बाजीराव गेले, त्यानंतर थोड्याच काळात तिचाही मृत्यू झाला आणि तिला इथंच ठेवलं. समाधी साधी आहे. इतिहासाची ओढ असलेली माणसं ती बघायला वर्षभर येतात. बाकी सगळं ज्याच्या त्याच्या वेळेला येतं, थोडे दिवस राहतं आणि जातं.

हे असं का, याचं उत्तर पश्चिमेच्या डोंगरात आहे. मोसमी वारे अरबी समुद्रावरून बाष्प घेऊन येतात, सह्याद्रीच्या भिंतीवर चढतात, वर गेल्यावर गार होतात आणि भीमाशंकरच्या परिसरात हजारो मिलिमीटर पाऊस ओततात. कडा ओलांडून तेच वारे पूर्वेला उतरू लागले की तापतात, आणि तापलेल्या हवेत ढग विरून जातात. भीमाशंकर ते पाबळ हे अंतर सरळ रेषेत साठेक किलोमीटर. तेवढ्यात वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास येऊन ठेपतो, आणि दौंडच्या बाजूला त्याहूनही उतरतो. जुलैत इथं आभाळ भरून येतं, गार वारा सुटतो, भुरभूर होते, आणि ढग पूर्वेला निघून जातात. जमीन खोलवर भिजवणारा पाऊस बहुतेक वर्षी सप्टेंबरात येतो, उत्तरा आणि हस्त नक्षत्रांत. पर्जन्यछाया हा शब्द आपण शाळेच्या पुस्तकात वाचलेला असतो. शिरूर आणि दौंड तालुक्यांत तो प्रत्येक विहिरीच्या तळाशी दिसतो.

डॉ. श्रीनाथ कलबाग या शास्त्रज्ञाने १९८३ मध्ये विज्ञान आश्रमासाठी पाबळ निवडलं, तेही याच कारणाने. अवर्षणप्रवण, साधं, देशातल्या हजारो खेड्यांसारखं गाव त्यांना हवं होतं. इथं जमलं तर कुठंही जमेल, असा तो विचार होता. शाळा सोडलेली मुलं इथं वेल्डिंग, बांधकाम, शेती, वीजजोडणी हाताने करून शिकली. पुढे जगभर पसरलेल्या फॅब लॅबच्या साखळीतली अगदी सुरुवातीची प्रयोगशाळाही याच गावात उभी राहिली. कमी पाऊस हे कारण धरून एखादी संस्था गावात येते, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. गावाकडे बघायला येणाऱ्यांच्या बाबतीतही तेच कारण काम करतं, ते कसं हे या प्रकरणात सांगायचं आहे.

जगात याचं एक मोठं उदाहरण जपानच्या उत्तर टोकाला आहे. होक्काइदो हे तिथलं थंड बेट. मुळात ऐनू लोकांची भूमी. १८६९ मध्ये जपान सरकारने तिला आजचं नाव दिलं आणि दक्षिणेकडची माणसं नेऊन तिथं वसवायला सुरुवात केली. हिवाळ्यात सायबेरियाकडून येणारे कोरडे वारे जपानच्या समुद्रावरून जाताना बाष्प उचलतात आणि बेटाच्या पश्चिमेकडच्या डोंगरांवर बर्फ टाकतात. सप्पोरो या राजधानीच्या शहरात एका हिवाळ्यात सगळा मिळून सुमारे पाच मीटर बर्फ पडतो. डोंगरांच्या पलीकडे, पूर्व किनाऱ्यावरच्या कुशिरोकडे मात्र त्याच वाऱ्यांपाशी फारसं काही उरत नाही. तिथं हिवाळा कडक पण उन्हाचा. म्हणजे सह्याद्री आणि शिरूर यांच्यात जो प्रकार पावसाचा, तोच तिथं बर्फाचा. या बेटावर माणसं ऋतू बघायला जातात. १९५० साली सप्पोरोच्या ओदोरी बागेत शाळकरी मुलांनी बर्फाचे सहा पुतळे केले. आज त्याच बर्फोत्सवाला लाखो लोक येतात. फेब्रुवारीत आबाशिरी आणि मोन्बेत्सूच्या किनाऱ्याला ओखोत्स्क समुद्रातला वाहता बर्फ येऊन लागतो, तो फोडत जाणाऱ्या बोटींत बसायला माणसं रांगा लावतात. ज्या थंडीने तिथल्या पहिल्या पिढ्यांना छळलं, तीच आज बेटाची ओळख आहे.

आपल्याकडे पाबळच्या परिसराबद्दल असं कुणी फारसं बोलत नाही. दुष्काळी म्हटलं की विषय संपतो. पण या पट्ट्यात जे बघायला माणसं मुद्दाम येतात, त्यातलं जवळजवळ सगळं कमी पावसानं आणि उशिरा येणाऱ्या पावसानं घडवलेलं आहे.

पावसाळ्यापासून सुरुवात करू. पाबळहून पूर्वेला कान्हूर मेसाईच्या बाजूने गेलं की मोराची चिंचोली लागते. चिंचेची जुनी झाडं आणि मोर, दोन्ही गावाच्या नावातच आहेत. मोराला घनदाट ओलं रान लागत नाही. त्याला मोकळी जमीन हवी, दाणे आणि किडे टिपायला शेत हवं, रात्री बसायला उंच झाड हवं आणि जवळ पाणी हवं. कोरडवाहू शेताच्या बांधावर चिंच उभी असेल तर त्याचं सगळं भागतं. जून ते सप्टेंबर हा त्याच्या विणीचा काळ. पिसारा तेव्हा पूर्ण भरलेला असतो, आणि पहाटे व संध्याकाळी तो उघडतो. पिसाऱ्याची दीड-एकशे पिसं शेपटीची नसतात, शेपटीच्या वरच्या बाजूला उगवणारी असतात. खरी शेपूट मागून त्यांना टेकू देते. पाऊस सरला की ही पिसं गळू लागतात. दिवाळीत आलेल्या पाहुण्याला त्यामुळे मोर दिसतो, पण लांडा. इथं मोर जगला तो गावाने शिवार राखताना त्याला हुसकावलं नाही म्हणून. पेरलेले दाणे उकरणारा पक्षी सांभाळणं शेतकऱ्याला फुकट पडत नाही. चिंचोलीतल्या घरांनी मग पाहुण्यांना जेवण आणि मुक्काम द्यायला सुरुवात केली, आणि राज्यात कृषी पर्यटन म्हटलं की ज्या गावांची नावं पुढे येतात त्यांत हे गाव आलं. सरकारने कृषी पर्यटनाचं स्वतंत्र धोरण २०२० मध्ये मंजूर केलं. त्याच्या किती तरी आधीपासून चिंचोलीत पाहुण्यांच्या पंगती उठत होत्या.

सप्टेंबरचा पाऊस होऊन गेला, वापसा आला की रब्बीची ज्वारी पेरतात. या पिकाची गंमत अशी की पेरल्यानंतर त्याला बहुधा पाऊस मिळतच नाही. काळ्या जमिनीत हस्ताने जी ओल मुरवलेली असते तिच्यावर आणि थंडीतल्या दवावर ते वाढतं. मुळं ओलीच्या मागे खाली खाली जातात. कोकणात किंवा मावळात ही ज्वारी कुणी करत नाही, कारण तिथं तिची गरज नाही आणि तिथली जमीनही तशी नाही. डोंगराआडच्या मुलखाचंच हे पीक. पेरणीपासून तीनेक महिन्यांनी दाणा चिकातून पुढे सरकतो आणि ज्वारी हुरड्यात येते. दाणा दाबला तर दूध येत नाही, आणि दाताखाली तो कडकही लागत नाही. या टप्प्यावर त्यात साखर असते, पुढे तिचं पिठात रूपांतर होतं. एका शेतात ही वेळ आठ-दहा दिवसच टिकते. नेहमीची मालदांडी हुरड्याला चालते, पण खास हुरड्यासाठी लोक सुरती, गूळभेंडी, कुचकुची असे वाण राखून ठेवतात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने फुले उत्तरा आणि फुले मधुर हे वाण मुद्दाम हुरड्यासाठी काढले. या वाणांचा दाणा कोंड्यातून सहज सुटतो, आणि हुरड्यात चवीइतकंच महत्त्व या सुटण्याला आहे.

हुरडा कसा होतो ते जवळ बसून बघावं. शेताच्या कडेला वीतभर खोल खड्डा घेतात, त्यात गोवऱ्या रचून पेटवतात. याला आगटी म्हणतात. धूर संपून निखाऱ्यावर पांढरी राख धरली की दांड्यासकट कापून आणलेली कणसं त्यात खोचायची. जाळ असेल तर दाणा वरून करपतो आणि आत कच्चा राहतो, म्हणून घाई करायची नाही. कणसं अधूनमधून फिरवायची. हिरव्या दाण्यावर कोवळा तपकिरी डाग आला आणि भाजल्याचा गोडसर वास सुटला की कणीस बाहेर. मग खरं कसब. गरम कणीस दोन तळव्यांत धरून चोळायचं. भाजणाऱ्याचे हात वर्षानुवर्षांच्या कामाने जाड झालेले असतात, तरी तोही मधूनच हात झटकतो. दाणे पोत्यावर किंवा सुपात पडतात, एक फुंकर मारली की कोंडा उडतो, आणि मूठभर गरम हिरवे दाणे तुमच्या हातावर येतात. सोबत शेंगदाण्याची, तिळाची किंवा जवसाची चटणी, गूळ, दही, बोरं, हरभऱ्याचे घाटे, उसाचं कांडं. दाणा गार झाला की चिवट होतो, म्हणून हुरडा वाढून ठेवत नाहीत, चोळेल तसा खातात. शहरात डब्यात भरून आलेला हुरडा मी खाल्ला आहे, आणि त्याला हुरडा म्हणायला माझं मन धजत नाही. आगटीपासून चार पावलांवर बसून खाण्याची ही गोष्ट आहे. पूर्वी सोयरेधायरे आणि वाटसरू यांना शेतकरी हाक मारून बसवायचा. पैसे घेणं कुणाच्या मनातही येत नसे. आता पौषातल्या शनिवार-रविवारी शिरूर-दौंडच्या रस्त्यांवर हुरडा पार्टीच्या पाट्या लागतात, आणि सकाळची न्याहारी ते संध्याकाळचा चहा असा माणशी दर ठरलेला असतो. यात वाईट काही नाही. शेतकऱ्याच्या हातात रोख पैसा पडतो. मात्र मोठ्याने लावलेली गाणी आणि बांधावर पडलेल्या प्लॅस्टिकच्या बाटल्या बघितल्या की जीव तुटतो. रात्री मुक्काम असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. घोड आणि कुकडी नद्यांच्या काठी कालव्याचं पाणी आलं तसा ऊस आला, आणि उसात बिबट्या वस्तीला आला. या पट्ट्यातल्या गावांनी माणसं गमावली आहेत. अंधारात एकट्याने शेतात फिरू नका असं यजमान सांगतो तेव्हा त्याचं ऐकावं.

थंडी उतरणीला लागली आणि नदीचं पाणी ओसरलं की टाकळी हाजीला जायचे दिवस येतात. इथं कुकडी नदी दोन जिल्ह्यांची हद्द आहे: अलीकडे शिरूरमधलं टाकळी हाजी, पलीकडे पारनेरमधलं निघोज. दोन्हींच्या मध्ये नदीच्या पात्रात रांजणखळगे आहेत. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा काळा कठीण बेसॉल्ट, आणि त्यात कुंभाराने घडवावेत तसे गोल, खोल, गुळगुळीत रांजण. काही हात बुडेल एवढे, काही माणूस उभा दिसेनासा होईल एवढे. पुराच्या पाण्याबरोबर आलेला गोटा खडकाच्या एखाद्या खोलगटीत अडकतो, भोवऱ्यात गरगर फिरतो आणि तळ घासत राहतो. गोटा झिजून संपतो, पुढच्या पुरात दुसरा येतो. खळगा खोल होत जातो. शेजारच्या दोन रांजणांमधली भिंत पातळ होत होत एक दिवस फुटते, आणि मग खिडक्या, कमानी, नागमोडी घळी तयार होतात. तळाशी वाकून बघितलं तर कित्येक खळग्यांत ते गोल गोटे आजही पडलेले असतात. ज्या हत्याराने काम झालं ते हत्यार जागेवरच ठेवलेलं.

हे सगळं बघायला मिळतं ते नदी वर्षाचे कित्येक महिने आटलेली असते म्हणून. बारा महिने भरून वाहणाऱ्या नदीतही असे खळगे पडतात, पण ते पाण्याखाली राहतात. कुकडी पावसाळ्यात डोंगरातलं पाणी घेऊन धडाडत येते, कोरते, आणि नंतर मागे सरून आपलं काम उघडं करून ठेवते. पावसाळ्यात इथं काठावरही जाऊ नये, शेवाळलेल्या खडकावर पाय ठरत नाही. एरवीसुद्धा वरच्या धरणांतून पाणी सोडलं असेल तर पात्र अचानक भरतं, तेव्हा गावात विचारूनच उतरावं. काठावर मळगंगा देवीचं ठाणं आहे आणि निघोजची तिची जत्रा चैत्रात भरते. खळग्यांना लोक कुंड म्हणतात आणि पायातलं काढून जवळ जातात. भूशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या सहली याच जागी येतात. दोघंही आपापल्या परीनं नदीच्या कामाला मान देतात असं मला वाटतं.

कुकडीचं पाणी शेवटी भीमेला मिळतं, आणि भीमा पुढे दौंडवरून भिगवणकडे जाते. उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं आणि त्याचं पाणी मागे दौंड, इंदापूर, कर्जत, करमाळ्यापर्यंत पसरलं. किती तरी गावं उठली. पळसदेवचं जुनं दगडी मंदिर पाण्याखाली गेलं. कडक उन्हाळ्यात जलाशय खाली गेला की ते वर येतं, आणि विस्थापित कुटुंबातली माणसं तेव्हा आवर्जून दर्शनाला जातात. भिगवणच्या पक्ष्यांबद्दल लिहिताना हे आधी सांगणं मला गरजेचं वाटतं, कारण कुंभारगाव आणि डिकसळच्या काठाला जो होडीवाला आज आपल्याला फिरवतो, त्याच्या आजोबांची शेती बहुधा त्याच होडीखाली आहे.

रोहित पक्षी डिसेंबर-जानेवारीपासून इथं जमतात आणि एप्रिलपर्यंत, कधी त्याही पुढे थांबतात. पाय लांब असले तरी त्याला खोल पाणी उपयोगाचं नाही. चिखल आणि वर गुडघाभर पाणी अशी जागा त्याला लागते. पावसाळ्यानंतर जलाशय काठोकाठ असतो. मग रब्बीसाठी, उन्हाळी पिकांसाठी, सोलापूरसाठी पाणी सुटत जातं, काठ मागे सरकतो आणि मैलोगणती उथळ दलदल उघडी पडते. पाऊस जोरात झालेल्या वर्षी ही दलदल उशिरा दिसते, आणि पक्षीही उशिरा जमतात. म्हणून भिगवणला निघण्याआधी धरणात किती टक्के पाणी आहे ते बघावं.

रोहित चरताना बघणं हा या सगळ्या भटकंतीतला माझा सर्वांत आवडता भाग. मान खाली घालून तो चोच उलटी करतो, म्हणजे वरचा जबडा तळाकडे येतो. मग जाड मांसल जीभ पिचकारीच्या दट्ट्यासारखी मागेपुढे चालू लागते. सेकंदाला काही वेळा पाणी आत ओढलं जातं आणि बाहेर फेकलं जातं. चोचीच्या कडांवरच्या बारीक झालरीत शेवाळ आणि सूक्ष्म जीव अडकतात. त्या खाण्यातल्या रंगद्रव्याने त्याचे पंख गुलाबी होतात. मध्येच तो एका जागी पाय आपटत गोल फिरतो आणि तळाचा गाळ उचकटतो. दुर्बिणीतून बघितलं तर चिखलात त्याने केलेली वर्तुळं दिसतात. त्याच पाण्यावर पट्टकादंब असतात, तिबेट आणि मंगोलियाच्या बाजूने हिमालय ओलांडून आलेले. थापट्या बदकं असतात, कुरव, सुरय, चित्रबलाक असतात, खांबावर बसून मासा फाडणारी मोरघार असते.

हे पाणी पुण्याचं आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी घेऊन येतं, ही गोष्ट झाकून चालणार नाही. मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते आणि शहराने टाकलेलं सगळं तिच्यासोबत येतं. शेवाळ त्यामुळे वाढतं, रोहिताला खाणं मिळतं, पण देशी मासे कमी होत गेले आणि चिलापी माजला. मासेमारीवर पोट चालेना तेव्हा काही होडीवाल्यांनी पक्षी दाखवायचं काम धरलं. पक्ष्यांची नावं ते इंग्रजीतही घडाघडा सांगतात, कोणता थवा सकाळी कुठं चरतो हे त्यांना पाठ असतं. फोटोसाठी होडी जवळ घे, थवा उडव, असा आग्रह पाहुणे धरतात. जाणता होडीवाला नकार देतो. त्याला हे नीट माहीत आहे की चरताना पुन्हा पुन्हा उठवलेला पक्षी जागा सोडून जातो.

होक्काइदोच्या कुशिरो भागातही अशीच एक गोष्ट घडली आहे. डोक्यावर लाल टिळा असलेले पांढरेशुभ्र तांचो क्रौंच जपानमधून नाहीसे झाले असं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला धरलं गेलं होतं. १९२४ मध्ये कुशिरोच्या दलदलीत त्यांचा एक लहानसा थवा सापडला. १९५२ च्या कडक हिवाळ्यात दलदल गोठली, पक्षी उपाशी पडले, तेव्हा तिथल्या शेतकऱ्यांनी त्यांना मका टाकला. त्या वर्षीच्या मोजणीत ३३ पक्षी होते. आज ते हजाराच्या पुढे आहेत. हिवाळ्यात बर्फावर नाचणारे हे क्रौंच बघायला जगभरचे छायाचित्रकार तिथं जातात. खाणं टाकल्याने एका जागी फार पक्षी गोळा होतात, रोगाची भीती वाढते, म्हणून तिथलं सरकार आता दाणे हळूहळू कमी करत आहे. पक्षी वाचवणं आणि पक्षी दाखवणं यांची सांगड तिथंही सोपी नाही.

भिगवणहून परत फिरताना सुप्याला थांबावं. दौंड तालुक्याच्या हद्दीला लागून बारामती तालुक्यात मयूरेश्वर अभयारण्य आहे, १९९७ मध्ये घोषित झालेलं, अवघं पाच चौरस किलोमीटरचं. इथं चिंकारा राहतो. पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस, पातळ माती, खाली मुरूम: अशा जमिनीवर निसर्गतः गवत आणि विरळ बोरी-बाभळीच येतात. ते माळरानच इथलं जंगल आहे. सरकारी कागदावर अशा जमिनीला फार काळ पडीक म्हटलं गेलं. हिरवं करायचं म्हणून तिथं खड्डे खणून झाडं लावली गेली, आणि त्या सावलीत चिंकारा, धाविक, चंडोल यांचं घर आकसलं. लांडगा याच माळावर जगतो. धनगरांच्या मेंढ्यांवर त्याची नजर असते आणि धनगराची त्याच्यावर, तरी दोघं पिढ्यानपिढ्या शेजारी नांदले. दिवाळीनंतर वाड्यांतली बरीच कुटुंबं मेंढरं घेऊन कोकणाकडे निघतात, वाटेत शेतात मेंढ्या बसवतात, आणि पावसाच्या तोंडावर परततात. आपण ज्या ऋतूत इथं फिरायला येतो, त्या ऋतूत इथले काही लोक बाहेर पडलेले असतात. अलीकडे वनविभागाने इंदापूर-बारामतीच्या गवताळ माळांवर सफारी सुरू केली, हे चांगलं झालं. निदान माळ बघायलाही तिकीट काढावं लागतं एवढी त्याची किंमत झाली.

पाडवा झाला की शिवार रिकामं होतं, आणि ते रिकामं झालं म्हणूनच यात्रा भरतात. रब्बी निघाली, खरीप दूर आहे, विहिरीत पाणी नाही, हाताला काम नाही. मुंबई-पुण्याला गेलेली माणसं या दिवसांत गावी येतात. नारायणगावला तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे कारभारी सुपारी द्यायला तिथं जातात. शिरूर, खेड, आंबेगाव, जुन्नर या तालुक्यांत यात्रा म्हणजे बैलगाडा. गाडीवान नसलेला हलका गाडा, पुढे घोडी, भंडाऱ्याने पिवळा झालेला घाट, निवेदकाची ‘भिर्रर्र’ अशी लांबवलेली आरोळी, आणि काही सेकंदांत संपणारी बारी. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ ला शर्यतींवर बंदी घातली. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायदा केला, डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी मिळाली, आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने कायदा वैध ठरवला. बैलाचे हाल होऊ नयेत म्हणून घातलेल्या अटी पाळणं हे या खेळाचं पुढचं आयुष्य ठरवील, असं घाटावरची जाणती माणसंही बोलतात. ज्या घरात ट्रॅक्टर आल्यावरही खिलार जोडी बांधलेली दिसते, त्या घरात ती शर्यतीसाठी ठेवलेली असते.

पाहुण्यांमुळे एखादं पीक किंवा जनावर टिकतं का, याचं उत्तर होक्काइदोतल्या फुरानोने दिलेलं आहे. तिथं सुगंधी तेलासाठी लॅव्हेंडर लावत. १९७० च्या सुमारास कृत्रिम सुगंध आणि स्वस्त आयात तेल आलं, भाव पडले, शेतकऱ्यांनी रोपं उपटली. तोमिता कुटुंबाने थोडं शेत ठेवलं. १९७६ मध्ये जपानी राष्ट्रीय रेल्वेच्या दिनदर्शिकेवर त्या जांभळ्या शेताचं छायाचित्र आलं आणि माणसं ते शोधत येऊ लागली. आज जुलैत तिथं रीघ लागते, आणि लॅव्हेंडर आहे ते मुख्यतः बघायला आलेल्यांच्या जोरावर.

शिरूर-दौंडची ज्वारी आता त्याच वळणावर आहे. कालव्याचं पाणी पोचलं तिथं ऊस आणि कांदा आले. कोरडवाहू ज्वारीची काढणी, बांधणी, मोडणी हे मेहनतीचं काम, मजूर मिळत नाहीत, पाखरं राखायला घरात माणूस नाही, आणि बाजारात दाण्याला मिळणारा भाव या कष्टांच्या मानाने तुटपुंजा. कडब्यासाठी म्हणून काही जण पेरतात, एवढंच. हुरड्याच्या कणसाला मात्र दाण्याच्या कित्येक पट पैसे सुटतात. त्यामुळे कृषी पर्यटन करणारी कुटुंबं एकाच शेताचे तुकडे पाडून ज्वारी टप्प्याटप्प्याने पेरतात, आठ-दहा दिवसांच्या अंतराने. पहिला तुकडा डिसेंबरात हुरड्यात येतो, शेवटचा फेब्रुवारीत. सुरतीचं आणि गूळभेंडीचं बी त्यांच्याच घरात राखलेलं असतं. हस्त कोरडा गेला तर ही पेरणी पुढे सरकते आणि पाहुण्यांच्या तारखाही. त्यामुळे डिसेंबरच्या बेताचा फोन करायचा असेल तर तो दसऱ्यानंतर, पेरणी झाली का हे विचारून करावा.